पळणार तू अन् पैसे देणार आम्ही?

हा प्रश्न पहिल्यांदा विचारला आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या वडलांच्या, अण्णांच्या, धाकट्या भावानं, ओट्यावर बसून तंबाखू मळता मळता. मी त्यांना मोबाईलवर क्यूआर कोड दाखवत होते आणि सांगत होते की नाना, मी गावच्या फाट्यापासून लातूरच्या दवाखान्यापर्यंत पळत जाणारय, चोवीस किलोमीटर, आणि डायलिसिसला जाणाऱ्या पेशंटच्या गाडीभाड्यासाठी लोकांकडून पैसे गोळा करायलेय. नानांनी तळहातावर दोन थापा मारल्या, चिमूट दाढेला लावली आणि म्हणले, "म्हणजे पळणार तू अन् पैसे देणार आम्ही? अन् तू पळालीच नाहीस तर?"

म्हणलं, तरी द्या.

"मग पळतीस कशाला?"

आता काय सांगणार. मुंबईला जानेवारीत मोठी मॅरेथॉन होते, २००४ पासून होते, तिथं लोक संस्थांसाठी पळतात, ऑफिसातले लोक पैसे देतात, तिकडं कोणाला त्यात काही नवल वाटत नाही. आमच्याकडं पळण्याचा अर्थ एकच, भरती. पहाटे रस्त्यावर कोणी पळायलं म्हणजे पोलीस नाहीतर आर्मी. मी एकोणचाळीस वर्षांची, लातूरला एका पतसंस्थेत कॅशियर, एक पोरगा आठवीत, आणि मी पळायला लागले तेव्हा पहिल्या महिन्यातच तीन जणांनी विचारलं की मॅडम, या वयात कोणती भरती निघाली.

तर हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगते.

अण्णांना कंबरदुखी जुनी. रानात काम, वरून फटफटीवर खड्डे. गावातच एक जण गोळ्या द्यायचा, पांढरी एक, पिवळी एक, घेतल्या की तासाभरात माणूस परत कुळव धरायला मोकळा. ह्या गोळ्या अण्णांनी आठ-दहा वर्षं खाल्ल्या, चहासारख्या. बीपी पण होतं, त्याची गोळी मात्र महिनाभर खाल्ली आणि "आता बरं वाटायलंय" म्हणून सोडून दिली. दुखण्याच्या गोळ्या रोज खाल्ल्यानं किडनी जाते आणि बीपीनं पण जाते हे आम्हाला कळलं तेव्हा दोन्ही किडन्या जाऊन बसल्या होत्या. आधी सकाळी तोंड सुजायचं, मग जेवणाचा वास नको वाटायला लागला, मग रात्री आडवं झालं की दम लागायचा म्हणून बसून झोपायचे, आणि आम्ही सगळे अॅसिडिटी म्हणत राहिलो. एका रात्री आईचा फोन आला की हे नीट बोलंना गेलेत. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, ११.४ निघालं, नॉर्मल माणसाचं एकच्या आसपास असतं. त्याच रात्री मानेत नळी घालून पहिलं डायलिसिस.

ते दिवस मी इथं लिहीत बसत नाही. ज्यांनी आयसीयूच्या बाहेर चटई टाकलीय त्यांना माहितीय आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही.

किडनी द्यायचं पण बोलणं झालं. आईला शुगर, त्यामुळं ती बाद. भाऊ तयार झाला तर वहिनी रडायला लागली, तिचं पण चूक नाही. मग मी म्हणलं माझी तपासा. अण्णांनी विषयच बंद केला. "लेकीची किडनी घालून मी काय किल्ला बांधणारय का औशाला दुसरा?" असं म्हणले आणि तोंड भिंतीकडं केलं. त्याच्यानंतर दोन-तीनदा मी विषय काढला, दरवेळेला ते उठून गोठ्यात गेले.

मग डायलिसिस. मंगळवार, गुरुवार, शनिवार, एका वेळेला चार तास. डाव्या हातात फिस्टुला केला, म्हणजे मनगटापाशी शीर आणि धमनी जोडतात, दीड-दोन महिन्यांनी ती शीर बोटाएवढी जाड होते, मग त्यात दोन सुया. त्या जागेवर हात ठेवला की आत सारखं घुर्र घुर्र लागतं. अण्णा सकाळी उठल्या उठल्या उजवा हात तिथं ठेवतात, दोन मिनिटं डोळे मिटून बघतात आणि सांगतात, "मोटार चालू हाय." बोअरची मोटार चालू हाय का हे पाईपला हात लावून बघतात ना, अगदी तसं. ज्या दिवशी घुर्र लागणार नाही त्या दिवशी तातडीनं दवाखाना, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

वजनाचं पण तसंच. मशीनवर बसायच्या आधी वजन, उठल्यावर वजन, मधल्या फरकाएवढं पाणी अंगातून काढलेलं असतं. कारखान्यावर उसाची गाडी आधी भरलेली काट्यावर घेतात आणि मग रिकामी घेतात, म्हणून अण्णांची भाषा अशी की "आज भरून एकसष्ट, रिकामा अठ्ठावन्न." तीन किलो आले की सिस्टर रागावतात, काका पाणी जास्त पिलात. दिवसाला ८०० मिली, त्यात चहा, ताक, वरण सगळं आलं. आई लिटरच्या बाटलीवर स्केचपेननं रेघा मारून ठेवती. मोसंबी नाही, केळं नाही, शहाळं तर नाहीच, पालेभाजी उकळून पाणी फेकून द्यायचं. मे महिन्यात अण्णा तोंडात बर्फाचा खडा धरून बसायचे आणि तो विरघळू नये म्हणून बोलायचे नाहीत.

आणि मशीनला किती पाणी लागतं माहितीय? तिथल्या टेक्निशियन पोरानं सांगितलं, मिनिटाला अर्धा लिटर, म्हणजे चार तासाला १२० लिटर, ते पण आरओचं. अण्णांनी तिथल्या तिथं हिशोब केला, "म्हणजे माझ्या एका बसण्यात दोन म्हशींचं पाणी जायलंय, अन् मला घोटभर मिळंना." हे लातूर आहे हो, इथं १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या गाडीला दहा टाक्या, पाच लाख लिटर, आणि ती गाडी बघायला आम्ही लग्नाला जावं तसे गेलो होतो. त्या वर्षी डायलिसिसवाल्यांचं काय झालं असेल हा विचार तेव्हा माझ्या डोक्याला शिवला पण नव्हता.

बरं, मुद्दा पैशाचा. सरकारच्या महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, मशीनवर बसायचे पैसे द्यावे लागत नाहीत, आणि हे मी मनापासून सांगते की ती योजना नसती तर आमचं रान केव्हाच विकलं गेलं असतं. पण माणूस मशीनपर्यंत जायचा कसा? अण्णांची शिफ्ट सकाळी साडेसहाची. लातूरला माझ्याकडं राहा म्हणलं तर "जनावरं काय फ्लॅटात बांधू का." एसटीत डायलिसिसच्या पेशंटला तिकिटात सवलत आहे, ज्यांना माहिती नाही त्यांनी आगारात विचारून कागद करून घ्या, पण सवलतीला आधी एसटी तर पाहिजे, आमच्या फाट्यावर पहाटे पाचला काय थांबतं? उसाचे ट्रॅक्टर. मग गावातून फाट्यापर्यंत कोणाच्या तरी गाडीवर, फाट्यावरून औशापर्यंत काळी-पिवळी मिळाली तर, मग तिथून लातूर, मग ऑटो. येताना तर माणूस पिळून काढल्यासारखा झालेला असतो, बीपी खाली आलेलं, एकदा अण्णा स्टँडवर खालीच बसले आणि लोकांना वाटलं पिऊन पडलेत. सोबत एक माणूस लागतोच, त्याचा रोज बुडाला. आठवड्याला तीन रोज. आमच्या शेजारच्या बेडवर एक मावशी यायच्या, त्यांनी तीनवरून दोनवर आणलं, मग आठवड्याला एक. सिस्टरनं विचारलं का येईना गेलात तर म्हणल्या, "बाई, भाडं नाही जमत." मशीन फुकट आणि भाडं नाही. त्या मावशी पोळ्याच्या आदल्या दिवशी गेल्या.

मला तेव्हा राग नक्की कोणावर आला ते अजून कळलेलं नाही. पण हिशोब मी केला, तेवढंच मला येतं. आमच्या रस्त्यावरच्या तीन गावांतले त्याच शिफ्टचे सहा पेशंट निघाले. एक इको गाडी, जाणं, थांबणं, परत आणणं, १,४०० रुपयाला तयार. महिन्याला तेरा फेऱ्या धरल्या तर १८,२००. दोन लाख असले तर अकरा महिने निघतात. आणि पळण्याचं म्हणाल तर मी आधीच पळायला लागले होते, अण्णा आयसीयूत असताना झोप लागायची नाही म्हणून पहाटे चालायला जायचे, मग चालता चालता थोडं थोडं पळू लागले, त्यात काही थोर विचार नव्हता. नवरा म्हणला, पळतेसच तर अण्णांच्याच रस्त्यावर पळ की.

खातं तिघांच्या नावानं उघडलं, मी, एका पेशंटचा मुलगा आणि गावातले रिटायर गुरुजी. एकटीच्या नावावर क्यूआर ठेवला असता तर माझ्या घरातल्यांनी पण शंभर रुपये टाकले नसते, आणि बरोबरच आहे. रोज रात्री नऊला ग्रुपवर जमा-खर्च टाकायचा, कोणी अकरा रुपये दिले तरी नाव टाकायचं.

मागणं फार अवघड असतं. पतसंस्थेत मी दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजते, हप्ता थकला की फोन करते, तिथं काही वाटत नाही, पण स्वतःहून हात पुढं करायचा म्हणलं की घसा कोरडा पडायचा. पुण्याच्या मावसभावानं आधी विचारलं, इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते ती ८०जी ची पावती मिळेल का? नाही म्हणलं तर "बघतो" आला, तो अजून बघायलाय. आडतीवरच्या एका मोठ्या व्यापाऱ्यानं १०१ दिले आणि फोटो काढायला माणूस बोलावला. भरतीच्या पोरांनी वर्गणी करून ३३० दिले, त्यांना मेसचे पैसे पुरत नाहीत मला माहितीय. कोणीतरी ५,००० टाकले आणि नावाच्या जागी नुसतं "एका पेशंटची मुलगी".

आणि किल्लारीकडच्या एक म्हाताऱ्या आजी, आईच्या माहेरच्या नात्यातल्या. मी त्यांच्याकडं मागायला गेलेच नव्हते, हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला गेले होते. त्यांनी पदराची गाठ सोडून ५०० ची नोट दिली. मी नको नको म्हणले तर म्हणल्या, "त्र्याण्णवला भूकंप झाला, तवा दुसऱ्या दिशी टरकातून कोणीतरी माझ्या अंगावर घोंगडी टाकली. कोण व्हता, कुठला व्हता, तोंड पण नाही बघितलं. त्याला कुठं हुडकू? धर." ३० सप्टेंबर १९९३ ला मी अगदी लहान होते, मला त्या रात्रीचं फक्त आईनं उचलून अंगणात आणलेलं आठवतं. ती नोट मी खात्यात भरली खरी, पण आधी घरी नेऊन एक रात्र देवापाशी ठेवली.

नाना मात्र हटेनात. शेवटी अण्णांनीच त्यांना समजावलं, आणि ते ऐकून मला कळलं की मी इतके दिवस चुकीच्या भाषेत सांगत होते. अण्णा म्हणले, "अरे नवस समज. लोक नवरात्रात तुळजापूरला चालत जातेत का नाही? त्यांना आपण फाट्यावर चहा देतो, केळी देतो, पाय दाबून देतो. तो चालतो म्हणून आपण देतो का? आपल्याला द्यायचं असतं, तो चालायलाय म्हणून आठवतं." नाना गप्प बसले, मग खिशातून ५०० काढून म्हणले, "अस्सं सांगावं की मग." त्याच्यानंतर मी मॅरेथॉन, चॅरिटी वगैरे शब्द सोडूनच दिले. नवस म्हणलं की आमच्या भागात पुढं काही सांगावं लागत नाही.

जानेवारीतला शनिवार ठरला. आदल्या रात्री गावी मुक्काम. पहाटे अण्णा आधी निघाले, काळ्या-पिवळीतून, कानाला मफलर, मी त्यांच्यानंतर अर्ध्या तासानं, साडेपाचला. गार एवढं होतं की नाकातून पाणी, दोन्ही बाजूला हरभरा, दहिवरानं आंबूस वास सुटलेला. भरतीची दोन पोरं सोबत आली, एक माझ्यासोबत पळायला आणि एक मागं फटफटीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन. "ताई, आधी दम राखून पळा, आमचं १६०० मीटरचं काम, तुमचं तसं नाही." बरोबर सांगत होता पोरगा, आणि मी ऐकलं नाही. औशापर्यंत मी हवेत होते. मध्ये एक उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, मागं एक लाल लाईट नाही, असा काही अंगावरून गेला की मी सरळ रस्त्याच्या खाली उतरून हरभऱ्यात उभी राहिले.

औसा ओलांडल्यावर समोरून चालत येणारा एक घोळका भेटला, सात-आठ बाया, दोन बाप्ये, भगवा झेंडा. शाकंभरी नवरात्राचे दिवस होते, तुळजापूरला निघालेले. त्यातल्या एका बाईनं मला हात करून थांबवलं, तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. "माय, कुठं पळायलीस? देवी तिकडं हाय." मी म्हणलं, मावशी, माझा नवस लातूरला हाय. तिनं एक क्षण विचार केला आणि पिशवीतून दोन राजगिऱ्याचे लाडू काढून माझ्या हातात कोंबले. पळताना राजगिऱ्याचा लाडू खाऊन बघा कधीतरी, तोंडात जे होतं ते सिमेंट असतं.

बुधोड्याच्या पुढं पोटरीत गोळा आला. अठराव्या किलोमीटरला. असा आला की तोंडातून शिवी निघाली, पोरगा लाजला. मग चालले, दोनेक किलोमीटर नुसतं लंगडत चालले, आणि डोक्यात काय तर नाना, "चाललीस म्हणजे पैसे कट." लोकांनी पळण्यावर पैसे दिलेत आणि मी चालायलेय, ह्याची त्या वेळेला मला एवढी लाज वाटत होती की सांगता येत नाही, आता लिहिताना हसू येतंय. पोरानं रस्त्यावर बसवून पाय ताणून दिला, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. परत थोडं पळाले, थोडं चालले. राजीव गांधी चौकात सिग्नलला थांबले तर एक रिक्षावाला म्हणला, बसा मॅडम, सोडतो. खोटं नाही सांगत, एक पाय उचलला होता.

दवाखान्याच्या गेटवर नऊला दहा कमी. घड्याळात २३.६ किलोमीटर, मी सगळ्यांना चोवीस सांगत होते, पतसंस्थेत एवढा फरक आला असता तर रात्री घरी जाऊ दिलं नसतं. वॉचमननं शूज बाहेर काढायला लावले, मोज्याला रक्त लागलं होतं, अंगठ्याचं नख काळं झालेलं. अण्णा चार नंबरच्या बेडवर, डावा हात पसरलेला, नळ्यांतून रक्त फिरायलेलं, समोर टीव्हीवर कीर्तन आवाज बंद करून लावलेलं. बाकीच्या पेशंटनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे ज्यांचा एकच हात मोकळा त्यांनी मांडीवर थापा मारल्या. अण्णांनी टाळी वाजवली नाही की काही नाही. माझ्याकडं खालून वर बघितलं आणि विचारलं,

"वाटंत पाणी किती पिलीस?"

मी म्हणलं, असेल दोन-अडीच लिटर.

"माझं तीन दिवसाचं," म्हणले. मग शेजारच्या टेबलावर माझी बाटली होती तिच्याकडं बोट केलं. "पी की. तोंड वाळलंय तुझं." मला त्यांच्यासमोर पाणी प्यायची सवयच राहिली नव्हती, आम्ही सगळेच तीन वर्षं स्वयंपाकघरात जाऊन पाणी पितो. त्या दिवशी मी त्यांच्यासमोर उभी राहून अख्खी बाटली प्यायले आणि ते माझ्या गळ्याकडं बघत होते.

एकूण १,८३,६५१ जमले. फेब्रुवारीपासून गाडी सुरू झाली. सोपं काहीच नाही, पहिल्याच आठवड्यात पुढच्या सीटवरून भांडण झालं, प्रत्येकाचेच पाय सुजतात, शेवटी गुरुजींनी पाळ्या लावून दिल्या. ड्रायव्हरनं मे महिन्यात दीडशे वाढवून मागितले, अण्णांनी त्याच्या बापाला फोन केला, विषय संपला. एक पेशंट जूनमध्ये गेले, त्यांच्या जागेवर एक बावीस वर्षांची मुलगी यायलीय, तिला मागची खिडकीची सीट कोणी न ठरवताच मिळाली.

आजच्या तारखेला खात्यात ६१,३०० आहेत. दिवाळी निघते, नोव्हेंबर पण निघेल. क्यूआर कोड तोच आहे. परवा रात्री नऊचा हिशोब टाकत होते तर अण्णा म्हणले, पुढच्या वेळेला नवरात्रात पळ, अन् तोंड तुळजापूरकडं करून पळ, लोक जास्त देतील. म्हणलं अण्णा, आपल्या फाट्यावरून ते पन्नासच्या आसपास किलोमीटर आहे.

"मग पैसे पण डबल येतील की," म्हणले, आणि मोटार चालू आहे का बघायला मनगटावर हात ठेवला.